वीस क्लिक

१

सकाळी नऊ वाजता माझा नवरा चहाचा कप खाली ठेवतो, ड्रायव्हिंगच्या सीटवर बसतो, पट्टा आवळतो आणि विचारतो, "आज काय बदललंस?"

मी खोटं सांगते. गेली सात वर्षं आम्हां दोघांनाही या खोट्याचाच पगार मिळतो.

आम्ही मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीसाठी घरून काम करतो. मी गेममधल्या गाड्या जुळवते, तो त्या चालवून बघतो. जुळवते म्हणजे मुख्यतः डॅम्पर. गॅरेजवाले ज्याला शॉकअप म्हणतात त्यालाच आम्ही डॅम्पर म्हणतो, म्हणजे जरा शिकल्यासारखं वाटतं. चाकाजवळची स्प्रिंग खड्ड्यातून उसळते आणि डॅम्पर तिला आवरतो, एवढीच ती गोष्ट. गेममध्ये ना तेल ना लोखंड, सगळे आकडे. प्रत्येक चाकाच्या डॅम्परला शून्य ते वीस क्लिक. शून्याला गाडी होडीसारखी डुलत राहते. विसाला ती हलतच नाही, ठोकळ्यासारखी बसते.

एका क्लिकचा फरक माणसाला कळत नाही. माझ्या नवऱ्याला कळतो. ऑफिसात त्याला 'काटा' म्हणतात, वजनकाट्यातला. भंगारातून आणलेली ती सीट, तिच्याखाली हलणारी चौकट, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केल्यापासून चौकटीखाली रबराचे चार तुकडे, एवढ्या सामानावर बसून तो सांगतो की मागच्या उजव्या चाकात काहीतरी वेगळं आहे. त्याला आधी खरं सांगितलं तर त्याचं अंग तेच शोधत बसतं, म्हणून खोटं. मी म्हणते, "मागचे दोन क्लिक घट्ट केलेत." तो दहा फेऱ्या मारतो आणि भिंतीपलीकडून ओरडतो, "खोटारडी. पुढचे एक क्लिक सैल केलेस."

सात वर्षांत तो चारदा चुकला असेल. त्यातल्या दोनदा त्याला ताप होता.

गाडी पुरती जुळली की तो तिची नमुना फेरी मारतो. त्या एका फेरीत चारही चाकं किती वरखाली झाली ते नोंदलं जातं, आणि पुढे ती गाडी कायम त्या नमुन्याच्या आधारे चालते. नियम एकच. गाडी थांबली की आधी मी नोंदणी बंद करायची आणि मगच त्याने पट्टा सोडायचा. उठता-बसतानाचे हिसके नमुन्यात यायला नकोत म्हणून हा नियम मीच केला होता. माझ्याच अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलेला आहे.

या वेळची शेवटची गाडी लाल रंगाची होती, गेम घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा मिळणार होती ती. त्याने तिची नमुना फेरी मारली, गाडी पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या थांबतात त्या जागी, आणून उभी केली, आणि नेमकी दाराची बेल वाजली. कुरियरवाला होता. त्याच्याकडे सुटे नव्हते, माझ्याकडेही नव्हते, मी शेजारी मागायला गेले. परत येईपर्यंत नवरा उठून आंघोळीला गेला होता आणि नोंदणी सुरूच होती.

२

गाडी उभी, इंजिन बंद, सीटवर कोणी नाही. अशा वेळी पडद्यावरच्या चारही चाकांच्या रेषा सपाट असतात. पुढच्या दोन होत्या. मागच्या दोन वरखाली होत होत्या.

अगदी थोड्या, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. मी आधी चौकटीवर हात ठेवून पाहिला, ती गार आणि स्थिर होती. मग पंखा बंद केला. मग स्वतःवरच हसले, कारण पंख्याचा आणि गेममधल्या चाकाचा काय संबंध. आकड्यांची गोळाबेरीज करताना संगणक कधीकधी असा हेलकावतो, ते नेहमीचं आहे. पण तो हेलकावा एका मापाचा असतो. हा नव्हता. वर जायला थोडा वेळ, खाली यायला जरा जास्त, मग क्षणभर काहीच नाही. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा.

नोंदणी बंद केली. रेषा थांबल्या नाहीत.

अशा हेलकाव्यावर आमच्या धंद्यात एकच इलाज करतात, कारण शोधत बसायला वेळ कोणाला असतो. डॅम्पर घट्ट करायचा. मागचे आठवर होते. नऊ केले, दहा केले. लाट लहान होत गेली. चौदाला दिसेनाशी झाली. वळणावर गाडीला त्याचा थोडा फायदाच होत होता, म्हणून मला त्याची टोचणी लागली नाही. फाईल बंद करून कंपनीला पाठवली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "खिडकी उघड ना गं जरा. इथे कोंदट झालंय."

बाथरूमची खिडकी उघडीच होती.

३

"गाडी झकास आहे," दुसऱ्या दिवशी दहा फेऱ्यांनंतर तो म्हणाला. "मीच जड झालोय."

त्याने सकाळी खोटं ओळखलं होतं, मागचे सहा क्लिक घट्ट, एकही क्लिक न चुकता. पण पट्टा सोडून उठला नाही, बसून राहिला. पुढच्या काही दिवसांत दोन जिने चढताना तो मधल्या पायरीवर थांबायला लागला आणि मोबाईल बघायचं सोंग करू लागला. जेवताना दोन घासांच्या मध्ये घास गिळल्यावरसुद्धा थांबायचा. सासूबाईंना फोनवरून कळलं, मला समोर बसून कळलं नव्हतं.

"तो बोलताना मध्येच का थांबतो गं?" त्यांनी विचारलं. "भांडलात का?"

"नाही हो आई. काम जास्त आहे."

"त्याला डॉक्टरकडे ने. त्याला विचारू नकोस, ने."

नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. सगळं स्वच्छ. त्या म्हणाल्या, "ताण असेल. दीर्घ श्वास घ्यायचा." तो हसत म्हणाला, "तोच तर येत नाहीये," आणि आम्ही तिघंही हसलो. मी हसले याचा मला अजून राग येतो.

त्या दुपारी तो आतल्या खोलीत झोपला होता. मी दुसऱ्या एका गाडीच्या तुलनेसाठी लाल गाडीची फाईल उघडली. चौदावर रेषा सपाट होती. सवयीने ती मोठी करून बघितली, शंभर पट. ती सपाट नव्हती. लाट होती, अगदी बारीक, आणि आता घाईत. मिनिटाला सव्वीस. वर जायचा प्रयत्न करायची, पूर्ण वर जायच्या आधीच खाली यायची.

घरात दुसरा आवाज नव्हता. त्यामुळे भिंतीपलीकडचा मला ऐकू येत होता. तोंड उघडं ठेवून झोपला की त्याचा येतो तो. आत, बाहेर. आत, बाहेर. मी एका हाताच्या बोटांवर तो मोजत होते आणि डोळ्यांनी रेष बघत होते, आणि स्वतःला बजावत होते की कोणत्याही दोन गोष्टी एकत्र मोजल्या की थोडा वेळ जुळतातच.

त्याला खोकला आला. रेषेने तीन उड्या मारल्या.

४

मी शिकलेली बाई आहे. एका खोकल्यावर विश्वास ठेवत नाही.

रात्रीच्या जेवणाची भांडी तो दुसऱ्या दिवशी सकाळी घासतो आणि घासताना शीळ घालतो. कुठलंच गाणं पुरतं येत नाही, तरी सगळी गाणी घालतो. अलीकडे दोन सूर झाले की शीळ तुटायची आणि नुसत्या नळाचा आवाज राहायचा. मी माझ्या टेबलाशी बसले, लाल गाडी पिटमध्ये उभी केली, आणि त्याने शीळ सुरू करायची वाट पाहिली.

चौदाचे बारा केले. शीळ दोन सूर पुढे गेली.

दहा केले. त्याने एक वरचा सूर घेतला आणि तो लांबवला, जसा पूर्वी मुद्दाम मला चिडवायला लांबवायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इथेच थांबायला हवं होतं. पण एकाच बाजूने केलेली चाचणी आमच्याकडे चाचणी धरत नाहीत. मी पंधरा केले.

शीळ तुटली. ताट भांड्यांत पडल्याचा आवाज आला.

हे मी तीनदा केलं. कोणी विचारलं तर एकदाच केलं असं सांगेन, पण तीनदा केलं.

शेवटी आठवर आणून ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसले. तो ओल्या हातांनी दारात आला. चेहऱ्यावर रंग होता. त्याने छाती भरून श्वास घेतला, सोडला, आणि माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं.

"काय बदललंस?"

"काही नाही."

"खोटारडी," तो म्हणाला आणि खुशीत आंघोळीला गेला.

नमुना पुसून टाकावा हे मला सुचलं नाही असं नाही. बोट बटणापर्यंत नेलं होतं. पुसला की रेष सपाट होणार, एवढंच मला खात्रीने माहीत होतं. मी बोट मागे घेतलं.

मग मी गाडीच्या आत बघितलं, जे मी कधीच करत नाही, कारण मला चाकांशी मतलब. आत स्टिअरिंग धरून हेल्मेट घातलेला चालक बसवलेला असतो. सगळ्या गाड्यांत तोच एक, नुसता पुतळा, वळणावर हात हलवतो तेवढंच. उभ्या गाडीत तो बसला होता. त्याच्या हेल्मेटसमोर, काचेच्या आतल्या बाजूला, वाफेचा एक ठिपका होता. तो मोठा झाला, बशीएवढा. मग आकसून नाहीसा झाला. मग पुन्हा आला.

मी पडदा बंद केला. बाथरूममधून शीळ येत होती.

५

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणतो. गेम शुक्रवारी सकाळी दहाला बाजारात यायचा होता आणि मी बुधवारी दुपारी त्यांना फोन केला.

"सर, लाल गाडीचे मागचे डॅम्पर परत आठ करायचेत."

"करा की. सकाळपर्यंत फाईल द्या."

मला एवढा हलकेपणा वाटला की मी फोन ठेवणारच होते. मग मला आठवलं.

"आणि सर, ते खेळणाऱ्यांना बदलता येऊ नयेत. फक्त त्या गाडीचे."

पलीकडे ते काहीतरी टाईप करत होते, ते थांबलं. "मॅडम, आपण विकतोय काय? गाडी स्वतः जुळवा, हे जाहिरातीत पहिल्या ओळीत आहे."

"मग ती गाडी काढून टाका."

"पहिलीच गाडी आहे हो ती. तिच्यावरच सगळे शिकणार. पहिल्या दिवशी दोन लाख लोक धरलेत आपण." ते नरमाईने बोलत होते, ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "काय झालंय? नमुन्यात चूक आहे का?"

"हो. चूक आहे. नोंदणी वेळेवर बंद केली नाही मी."

"ते ऑफिसातल्या पोरांनी पाहिलं. शेवटी चाळीस मिनिटं जास्तीची आहेत. आम्ही तशीच ठेवली."

"का?"

"कारण गाडी जिवंत वाटते. उभी असली तरी. सगळे तेच म्हणतात, तुमच्या हातची सगळ्यात चांगली गाडी." मग, "कारण द्या मॅडम. लिहून द्या, मी वर पाठवतो."

मी संगणकापुढे बसले. 'माझ्या पतीचा' एवढं लिहिलं. पुढचं वाक्य मी दहा-बारा तऱ्हांनी मनात जुळवून पाहिलं. त्यातलं कुठलंही वाचून त्यांनी गेम थांबवला नसता, मला रजा दिली असती. तरी लिहिलं आणि पाठवलं. गुरुवारी सकाळी उत्तर आलं, आठ केले आहेत, आणि तुम्ही दोन आठवडे विश्रांती घ्या.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगून तो काय करणार होता? काटा माणूस, त्याचं अंग तेच शोधत बसलं असतं.

६

शुक्रवारी काम नव्हतं. तो खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसला. मी स्टूल घेऊन त्याच्या मागे बसले आणि खांदे चेपते म्हणाले.

"आज काय मागायचंय?" तो म्हणाला.

माझा तळवा त्याच्या पाठीवर होता. मिनिटाला सोळा. दहा वाजले, दहा मिनिटं झाली, वीस झाली. काहीच झालं नाही. लोक आधी गाडी आहे तशीच पळवतात, ठोकतात, हसतात. मला वाटायला लागलं की खरंच मला विश्रांतीची गरज आहे. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तो म्हणाला, "चेप ना, झोपलीस का."

पावणेअकराला माझ्या तळव्याखाली काहीतरी चुकलं. एक श्वास मोठा, दोन छोटे, एक अर्धवट. चालताना पायरी चुकावी तसं. त्याने पेपर खाली ठेवला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या अर्ध्या तासात येते, तोवर रुग्णवाहिका बोलवा. ती बोलावली. तिलाही वीस मिनिटं लागणार होती. मग मोबाईलवर खेळणाऱ्यांच्या चर्चेचं पान उघडलं आणि उभ्याउभ्या लिहिलं, लाल गाडीचे मागचे डॅम्पर आठवरच ठेवा, कृपा करून बदलू नका, ही गाडी मीच जुळवली आहे. लगेच हसणारे चेहरे यायला लागले. एकाने लिहिलं, बाई एवढी काकुळतीला आलीय म्हणजे तिथेच काहीतरी लपवलंय. त्याखाली आणखी एकाने, करून बघतो.

करून बघणाऱ्यांपैकी एकाने अकरा वाजता सांगितलं की मागचे घट्ट करत जा, प्रत्येक क्लिकला वेळ कमी होतो. ते खरं होतं. वळणावर गाडीला त्याचा फायदा होतो, हे मला कोणी शिकवायला नको. बघता बघता त्या ओळीखाली शेकडो लोकांनी आपापल्या वेळा लिहिल्या. मी साहेबांना फोन लावला. ते उचलत नव्हते. आज त्यांना अभिनंदनाचे फोन येत असणार.

मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि हात त्याच्या छातीवर ठेवला. तो घाबरलेला नव्हता. डोळे अर्धे मिटून तो काहीतरी ऐकत होता. नऊ वाजता पट्टा आवळल्यावर पहिल्या वळणाआधी त्याचा चेहरा असा होतो.

"आज काय बदललंस?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. खरंच. मी काहीच नाही बदललं."

सात वर्षांत पहिल्यांदा मी त्याला खरं सांगितलं होतं. त्याने मान हलवली.

"खोटारडी. मागचे दोन्ही. दहावर आहेत."

मी त्याच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"अकरा," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "बारा. कोण करतंय?"

"रुग्णवाहिका येतेच आहे. बोलू नकोस. नाकाने घे."

"पुढे एक सैल करायला हवा मग," तो म्हणाला. एका वाक्याला त्याला तीनदा थांबावं लागलं. "नाहीतर... नाक... खुपसेल."

"हो. करते."

"तेरा."

मी उठून माझ्या टेबलाशी धावले, फाईल उघडली, मागचे आठ केले, सात केले, शून्य केले. माझ्या पडद्यावरची गाडी होडीसारखी डुलायला लागली. आतून तो म्हणाला, "चौदा," आणि मी परत आले. माझी गाडी आता त्या दोन लाखांतली एक होती.

त्याने माझा हात शोधला आणि आपल्या छातीवर ओढून घेतला. तळव्याखाली ती बारीक, घाईतली लाट होती, वर जायच्या आधीच खाली येणारी. रस्त्यावर कुठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता, पण तो जवळ येतोय की लांब जातोय ते कळत नव्हतं. पंधरा त्याने नुसत्या ओठांनी म्हटलं. सोळाला ओठही हलले नाहीत, माझ्या हातावरचं त्याचं एक बोट तेवढं उचललं गेलं आणि खाली आलं. तो माझ्याकडे बघत होता, मला कळलं का ते बघत होता, जसा दहा फेऱ्यांनंतर बघतो.

बोट पुन्हा उचललं गेलं.

"सतरा," त्याच्या वतीने मी म्हणाले.